साडेसात हजार डॉलर आणि हरलेली विधेयके

२ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाने आपले कर-विधेयक मांडले. पाने ४२९. कंपन्यांवरचा प्राप्तिकर ३५ टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर आणायचा, हा त्याचा गाभा. एवढी मोठी कपात करायची तर खजिन्यातली तूट कुठून तरी भरून काढावी लागते. म्हणून जुन्या सवलतींची यादी काढली गेली आणि एकेका कलमावर काट मारली गेली. करकायद्याचे ३०-डी हे कलम त्यांतलेच एक. विजेवर चालणारी नवी गाडी घेणाऱ्याला त्या वर्षीच्या करात ७,५०० डॉलरपर्यंत सूट या कलमाने मिळत असे. विधेयक जसेच्या तसे मंजूर झाले असते, तर ही सूट दोनच महिन्यांत, वर्षअखेरीस संपली असती.

१६ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहाने ते २२७ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर केलेही. टेस्लाच्या मॉडेल ३ साठी आगाऊ पैसे भरून चार लाखांहून अधिक लोक थांबले होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी खरेदीच्या हिशेबात हे ७,५०० डॉलर धरलेले होते. सिनेटने मात्र स्वतःचा वेगळा मसुदा केला आणि त्यात ३०-डीला हात लावला नाही. दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत सिनेटचे म्हणणे राहिले. २२ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली आणि सूट वाचली.

सवलतीचे विरोधक हरले, असे तेव्हा वाटले. पण अमेरिकी काँग्रेसमध्ये हरलेले विधेयक निकालात निघत नाही. त्यातला मजकूर कुणीतरी जपून ठेवतो. तो पुढच्या विधेयकात जातो, आकडे बदलून, नाव बदलून परत सभागृहासमोर येतो. विजेच्या गाड्यांवरच्या करसवलतीला लगाम घालू पाहणाऱ्या विधेयकांचा इतिहास असा आहे. २०१७ साली जे पडले, ते २०२५ साली कायदा झाले. मधल्या आठ वर्षांत या एका कलमावर जेवढी ओढाताण झाली, तेवढी फार थोड्या कलमांच्या वाट्याला येते.

आधी ही सूट चालते कशी ते सांगायला हवे, कारण पुढचे बरेचसे भांडण तिच्या रचनेतून निघाले. ही उत्पन्नातून मिळणारी वजावट नव्हे. कराची रक्कम ठरली की त्या रकमेतूनच हे डॉलर वजा होत. वर्षाचा कर ९,००० डॉलर निघाला असेल, तर गाडी घेणाऱ्याने १,५०० भरायचे. पण कर मुळात ३,००० डॉलरच असेल, तर वाचणार तेवढेच ३,०००. उरलेले ४,५०० हातात मिळत नसत आणि पुढच्या वर्षावरही नेता येत नसत. म्हणजे पूर्ण लाभ घ्यायचा तर माणूस चांगला कमावता हवा. गरजेपेक्षा ऐपतीला जास्त देणारी ही घडण होती आणि विरोधकांच्या हातातले सर्वांत धारदार हत्यारही तीच ठरली.

सवलतीची कल्पना जुनी आहे. थोरल्या बुश यांच्या काळात, १९९२च्या ऊर्जा कायद्याने विजेच्या गाडीच्या किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४,००० डॉलर, अशी सूट दिली होती. पण विकत घ्यायला गाड्याच नव्हत्या. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही १९९६ पासून भाड्यानेच दिली जाई. पुढे कंपनीने त्या गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. २००५ साली हायब्रिड गाड्यांना सूट मिळाली, ३,४०० डॉलरपर्यंत. त्या कायद्यात एक नवी अट होती: प्रत्येक कंपनीच्या ६०,००० गाड्या विकल्या गेल्या की तिची सूट उतरणीला लागायची. टोयोटाची प्रियस इतकी खपत होती की २००६च्या मध्यालाच हा आकडा पार झाला आणि पुढच्या वर्षी टोयोटाच्या गाड्यांना काहीच मिळेनासे झाले. जो आधी यशस्वी होतो त्याची सूट आधी संपते, हे तत्त्व इथे पहिल्यांदा कायद्यात आले.

७,५०० डॉलरच्या सवलतीचे बीज मात्र एका रिपब्लिकन माणसाने पेरले, हे आज सहसा कुणी सांगत नाही. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००७ साली ‘फ्रीडम ॲक्ट’ नावाचे विधेयक मांडले. नावातल्या अक्षरांचा पूर्ण अर्थ मध्यपूर्वेच्या तेलावरचे अवलंबित्व विजेच्या मदतीने संपवणे असा होता. सहप्रायोजकांत वॉशिंग्टन राज्याच्या मारिया कँटवेल होत्या आणि इलिनॉयचे एक तरुण सिनेटर होते, बराक ओबामा. हवामानबदलापेक्षा तेव्हा इराकचे युद्ध आणि पेट्रोलचा भाव लोकांच्या मनात जास्त होता. २००८च्या जुलैत कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले. ते विधेयक त्या रूपात मंजूर झाले नाही. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, बँका वाचवण्यासाठी आणलेले विधेयक २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने फेटाळले आणि बाजार कोसळला. दुसऱ्या खेपेला ते पास व्हावे म्हणून त्याला करसवलतींची मोठी पुरवणी जोडली गेली. त्या पुरवणीत विजेच्या गाड्यांची सूट होती. ३ ऑक्टोबर २००८ रोजी धाकट्या बुश यांनी सही केली. बँकांच्या बचावासाठी घाईने केलेल्या कायद्याच्या पोटात ही सवलत जन्माला आली.

त्या पहिल्या मसुद्यात मर्यादा सगळ्या कंपन्यांना मिळून अडीच लाख गाड्यांची होती. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांच्या आर्थिक पॅकेजमध्ये ती बदलून प्रत्येक कंपनीला दोन लाख अशी झाली. पूर्ण सूट मिळायला १६ किलोवॅट-तासांची बॅटरी पुरेशी होती, आणि तयार होत असलेल्या शेव्हरोले व्होल्टची बॅटरी नेमकी तेवढीच होती. डेट्रॉइटच्या मापाने कायदा बेतला गेला, असे म्हणायला इथे जागा आहे. २०१० च्या डिसेंबरात व्होल्ट आणि निसान लीफ एकाच महिन्यात ग्राहकांच्या हाती आल्या. २०१५ पर्यंत दहा लाख विजेच्या गाड्या रस्त्यावर आणू, असे ओबामांनी जाहीर केले. तो आकडा गाठायला २०१८ उजाडले.

राज्याने दिलेली सूट काढली की काय होते, याचा पहिला मोठा पुरावा जॉर्जियाने दिला. तिथे केंद्राच्या सवलतीवर राज्याचीही ५,००० डॉलरपर्यंत सूट होती, त्यामुळे अटलांटा हा लीफ गाडीचा देशातला आघाडीचा बाजार बनला होता. २०१५ च्या जुलैपासून राज्याने ती सूट बंद केली आणि वर विजेच्या गाडीवर वार्षिक २०० डॉलरची फी लावली. विक्री महिन्याभरात ढासळली. सवलतीवर उभा राहिलेला बाजार किती पोकळ असतो, हे विरोधक या उदाहरणावरून दाखवत. समर्थकांच्या मते तेच उदाहरण सवलतीची गरज सिद्ध करत होते. दोघांचेही खरे होते. पुढे २०२५ मध्ये सगळ्या देशाला जे पाहावे लागले, त्याची ही दहा वर्षे आधीची तालीम होती.

जुलै २०१८ मध्ये टेस्लाने दोन लाखांचा आकडा ओलांडला. नियमाप्रमाणे त्या तिमाहीत आणि पुढच्या तिमाहीत पूर्ण सूट, मग सहा महिने अर्धी, मग सहा महिने पाव, मग शून्य. १ जानेवारी २०१९ ला टेस्लाच्या ग्राहकाचे ३,७५० डॉलर गेले. कंपनीने दुसऱ्याच दिवशी गाड्यांच्या किमती २,००० डॉलरने उतरवल्या. जनरल मोटर्सचा आकडा २०१८ च्या अखेरच्या तिमाहीत भरला. १ एप्रिल २०२० पासून अमेरिकेत सर्वांत जास्त विजेच्या गाड्या बनवणाऱ्या या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांना काहीही मिळत नव्हते, आणि जर्मन, जपानी, कोरियन कंपन्यांच्या गाड्यांना पूर्ण ७,५०० मिळत होते.

यातून दोन उलट दिशांची विधेयके निघाली. वायोमिंगचे सिनेटर जॉन बॅरासो यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘फेअरनेस फॉर एव्हरी ड्रायव्हर ॲक्ट’ मांडला: सूट पूर्ण बंद करा आणि विजेच्या गाड्यांकडून रस्त्यांच्या निधीसाठी दरवर्षी फी घ्या. वायोमिंग हे देशातले सर्वांत जास्त कोळसा काढणारे राज्य. त्यांच्या भूमिकेमागे हे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचे दोन्ही मुद्दे नुसते कोळशाचे नव्हते. २०१६ च्या विवरणपत्रांत या सवलतीपैकी ७८ टक्के रक्कम वर्षाला एक लाख डॉलर किंवा त्याहून जास्त उत्पन्न असलेल्यांनी घेतली होती. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकस डेव्हिस यांनीही दाखवले होते की विजेच्या गाड्यांच्या सवलतीचा सुमारे ९० टक्के वाटा उत्पन्नाच्या उतरंडीतल्या वरच्या पाचव्या हिश्शाकडे जातो. शिवाय सरकारच्याच लेखातपासणीत २०१४ ते २०१८ या काळात सात कोटी डॉलरांहून जास्त सूट संशयास्पद दाव्यांवर दिली गेल्याचे आढळले. ओहायोतल्या कारखान्यात काम करणाऱ्या, जुनी पेट्रोल गाडी चालवणाऱ्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरच्या टेस्लाला हातभार का लावावा, हा प्रश्न रास्त होता. कॅलिफोर्नियातल्या त्या इंजिनिअरांत पुण्या-मुंबईहून गेलेले आपलेही अनेक आहेत.

रस्त्यांच्या फीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. अमेरिकेतले मोठे रस्ते पेट्रोलवरच्या केंद्रीय कराच्या पैशातून बांधले जातात. तो कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून एक सेंटही वाढलेला नाही. निधीला पडलेले भगदाड मुख्यतः या भित्रेपणाचे आहे. पंचवीस कोटींहून जास्त वाहनांच्या देशात दहा लाख विजेच्या गाड्यांनी ते पाडलेले नाही. बॅरासो यांचे विधेयक मतदानापर्यंत गेले नाही.

विरुद्ध बाजूचे विधेयक मिशिगनच्या सिनेटर डेबी स्टॅबेनाउ आणि टेनेसीचे लामार अलेक्झांडर यांनी २०१९ मध्ये आणले: प्रत्येक कंपनीला आणखी चार लाख गाड्यांपर्यंत ७,००० डॉलरची सूट. दोन्ही पक्षांचे लोक त्यामागे होते. डिसेंबरातल्या खर्चाच्या वाटाघाटीत व्हाइट हाउसच्या विरोधामुळे ते गळाले. दोन्ही बाजू हरल्या आणि २००९चा कायदा होता तसाच राहिला.

मग जो माणूस या गोष्टीच्या मध्यभागी आला, तो डेमोक्रॅट होता. २०२१ मध्ये सिनेट ५०-५० अशी दुभंगलेली होती, त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन यांच्या एका मतावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा सगळा कार्यक्रम अडकला. प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात गाडीला १२,५०० डॉलरपर्यंत सूट होती आणि त्यातले ४,५०० डॉलर कामगार संघटना असलेल्या कारखान्यातल्या गाड्यांनाच होते. म्हणजे फोर्ड, जनरल मोटर्स, स्टेलांटिस यांना फायदा. टेस्ला, टोयोटा, होंडा बाहेर. टोयोटाचा मोठा कारखाना मँचिन यांच्या राज्यात बफेलो या गावी आहे. तिथेच त्यांनी या तरतुदीला जाहीर विरोध केला आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी आख्खे विधेयकच बुडवले.

मँचिन यांची खरी चिंता चीनची होती. १९७४ मध्ये पेट्रोलसाठी लागलेल्या रांगेत आपण उभे होतो, तशी रांग उद्या बॅटरीसाठी लावायची नाही, असे ते सांगत. त्यांना आणखी एक गोष्ट सलत होती: लोक या गाड्यांसाठी महिनोन्महिने वाट पाहत असताना त्यांना वर पैसे कशाला द्यायचे? जुलै २०२२ च्या अखेरीस त्यांनी सिनेटमधले बहुमताचे नेते चक शूमर यांच्याशी तडजोड केली. त्यातून ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ झाला. ७ ऑगस्टला सिनेटमध्ये ५०-५० मते पडली आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने तो पास झाला. १६ ऑगस्टला बायडन यांनी सही केली.

वर्तमानपत्रांनी हा सवलतीचा विस्तार म्हणून छापला, आणि एका अर्थी तो होता: दोन लाखांची मर्यादा गेली, मुदत २०३२ पर्यंत वाढली, जुन्या गाड्यांनाही ४,००० डॉलरपर्यंत सूट आली. पण बारकाईने वाचले तर हा आजवरचा सर्वांत मोठा निर्बंध-कायदाही होता, आणि त्याच्या निम्म्या अटी आधीच्या पराभूत विधेयकांच्या तक्रारींतून आलेल्या दिसतात. श्रीमंतांना सूट नको, ही जुनी तक्रार. म्हणून एकट्या माणसाला दीड लाख आणि जोडप्याला तीन लाख डॉलर उत्पन्नाची मर्यादा आली. महागड्या गाड्या नकोत, म्हणून साध्या कारला ५५,००० आणि एसयूव्ही, पिकअपला ८०,००० डॉलर किमतीची मर्यादा आली. गाडीची अखेरची जोडणी उत्तर अमेरिकेतच व्हायला हवी. ७,५०० चे दोन तुकडे झाले: ३,७५० डॉलर बॅटरीतली खनिजे अमेरिकेतून किंवा मुक्त व्यापार करार असलेल्या देशांतून आली तर, ३,७५० बॅटरीचे भाग उत्तर अमेरिकेत बनले तर. खनिजांचे प्रमाण २०२३ मध्ये ४० टक्के, २०२७ मध्ये ८०. भागांचे प्रमाण ५० पासून चढत २०२९ मध्ये १०० टक्के. आणि २०२४ पासून चीन, रशिया, इराण, उत्तर कोरियाशी संबंधित कंपन्यांचे बॅटरी-भाग, २०२५ पासून त्यांची खनिजे असलेली गाडी सरळ बाद.

जोडणीची अट सहीच्या दिवसापासूनच लागू झाली. मोटार कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबाने तोवर पात्र असलेल्या विजेच्या व प्लग-इन मॉडेलांपैकी सुमारे ७० टक्के त्या एका दिवशी बाद झाली. त्यांत जॅग्वार आय-पेस होती. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सच्या मालकीची ही कंपनी आय-पेस ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे बनवून घेत असे, आणि अमेरिकेतल्या तिच्या ग्राहकाचे ७,५०० डॉलर सकाळी होते ते संध्याकाळी गेले. कोरियाचा संताप सर्वांत मोठा होता. मे महिन्यात बायडन सोलला जाऊन आले होते आणि त्याच भेटीत ह्युंदाईने जॉर्जियात साडेपाच अब्ज डॉलरांचा कारखाना जाहीर केला होता. तीन महिन्यांत, कारखाना उभा राहण्याआधीच, ह्युंदाईच्या गाड्या बाहेर! कोरियन वर्तमानपत्रांनी याला पाठीत वार म्हटले, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

अर्थखात्याने नियम लिहिताना दारे थोडी किलकिली केली. कायद्यात व्यापारी वाहनांसाठी वेगळे कलम होते, त्याला या अटी नव्हत्या. भाडेपट्ट्याने दिलेली गाडी ही भाड्याने देणाऱ्या कंपनीचे व्यापारी वाहन मानता येईल, असे खात्याने २९ डिसेंबर २०२२ ला सांगितले. लगेच लीजचे प्रमाण वाढले. कोरियन, जर्मन गाड्या त्या वाटेने परत आल्या. टेस्लाची पाच आसनी मॉडेल वाय आधी ‘कार’ ठरून ५५,००० च्या मर्यादेत अडकली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्याख्या बदलून ती एसयूव्ही झाली. बॅटरीच्या अटींची नियमावलीही खात्याने तीन महिने लांबवली, त्यामुळे वर्षाचे पहिले महिने गाड्यांना अटींविना पूर्ण सूट मिळत राहिली.

मँचिन यामुळे खवळले. आपण लिहिलेला कायदा आपल्याच सरकारने पातळ केला, ही त्यांची भावना होती. २५ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी ‘अमेरिकन व्हेइकल सिक्युरिटी ॲक्ट’ मांडला: बॅटरीच्या अटी १ जानेवारीपासून मागे जाऊन लागू करा. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी सूट गृहीत धरून गाडी घेतलेल्या माणसाची सूट नंतर काढून घ्यायची! सत्ताधारी पक्षाच्याच, कायद्याच्या शिल्पकारानेच मांडलेले हे विधेयक पुढे सरकले नाही. कायद्याच्या हेतूबद्दल ते बरोबर होते. पण ज्याने नियम पाळून खरेदी केली त्याला शिक्षा देणारी दुरुस्ती न्याय्य नसते, आणि तिचे पडणे मला योग्य वाटते.

१८ एप्रिलला अटी लागू झाल्या आणि यादी आटली. निसान लीफ, ह्युंदाईची जेनेसिस, बीएमडब्ल्यू, व्होल्वो या गाड्या गेल्या. १ जानेवारी २०२४ ला ती पुन्हा आटली: मेक्सिकोत बनणारी फोर्ड मस्टँग माक-ई गेली, आणि बॅटरीमुळे टेस्लाच्या मॉडेल ३ चे दोन प्रकारही गेले. त्याच दिवसापासून मात्र एक चांगली गोष्ट झाली. ग्राहकाला सूट डीलरच्या टेबलावरच किमतीतून वजा करून घेता येऊ लागली; वर्षभर थांबायचे कारण उरले नाही आणि कर कमी असणाऱ्यालाही पूर्ण रक्कम मिळू लागली. सवलतीतला सगळ्यांत जुना अन्याय पंधरा वर्षांनी दूर झाला. ती आणखी पावणेदोन वर्षेच टिकणार होती.

कारण विरोधक थांबलेले नव्हते. २६ एप्रिल २०२३ रोजी रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने कर्जमर्यादेशी जोडलेले विधेयक २१७ विरुद्ध २१५ मतांनी मंजूर केले. त्यात २०२२च्या सुधारणा पुसून दोन लाखांची जुनी मर्यादा परत आणायची होती. सिनेटने ते उचलले नाही. मे २०२४ मध्ये बॅरासो यांनी ‘एलिट व्हेइकल्स ॲक्ट’ मांडला: नवी गाडी, जुनी गाडी, व्यापारी गाडी, चार्जर, चारही सवलती बंद. तोही पडून राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी तो पुन्हा मांडला. एव्हाना ट्रम्प परत व्हाइट हाउसमध्ये होते, सिनेटमध्ये रिपब्लिकनांचे बहुमत होते, आणि बॅरासो त्या पक्षाचे सिनेटमधले दुसऱ्या क्रमांकाचे नेते होते.

मे २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचा मसुदा आला. सूट वर्षअखेरीस बंद. मात्र ज्या कंपन्यांच्या दोन लाख गाड्या अजून विकल्या गेल्या नाहीत त्यांना २०२६चे एक वर्ष जास्त. २००९ चा तोच आकडा, सोळा वर्षांनी. जोडीला विजेच्या गाडीवर वार्षिक २५० डॉलरची फी: बॅरासो यांच्या २०१८च्या विधेयकातली कल्पना. २२ मे रोजी २१५ विरुद्ध २१४. एका मताने.

त्या विरोधी मतांत डेट्रॉइटचे प्रतिनिधी श्री ठाणेदार होते. बेळगावात वाढलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला हा माणूस मोटारधंद्याच्या राजधानीतून काँग्रेसमध्ये गेलेला आहे. त्यांचा सगळा डेमोक्रॅटिक पक्ष विरोधात होता, तरी मते पुरली नाहीत.

सिनेटने घाव आणखी जवळ आणला. जूनच्या मध्याला समितीच्या मसुद्यात नव्या गाड्यांना कायद्यानंतर १८० दिवस होते; महिन्याच्या शेवटी ते काढून ३० सप्टेंबर ही थेट तारीख घातली गेली. दोन लाखांचा अपवादही गेला. २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्यासाठी पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च केलेले टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी विधेयकावर जाहीर तोफ डागली. ट्रम्प म्हणाले की गाड्यांची सवलत गेल्याचा हा राग आहे. मस्क यांनी ते नाकारले. वर्षापूर्वी मस्क यांनीच म्हटले होते की सूट गेली तर टेस्लाला थोडे लागेल, प्रतिस्पर्ध्यांना फार. १ जुलैला सिनेटमध्ये ५०-५० मते पडली आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने विधेयक पास झाले. तीन वर्षांपूर्वी एका उपाध्यक्षाच्या एका मताने २०३२ पर्यंत दिलेली सवलत, दुसऱ्या उपाध्यक्षाच्या एका मताने गेली. ४ जुलैला सही झाली.

उन्हाळाभर डीलरांकडे झुंबड उडाली. ३० सप्टेंबरच्या आत करार आणि काही रक्कम भरली तर गाडी नंतर मिळाली तरी चालेल, असे करखात्याने ऑगस्टमध्ये सांगितल्यावर ती आणखी वाढली. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशात सुमारे ४ लाख ३८ हजार विजेच्या गाड्या विकल्या गेल्या. तोवरचा विक्रम, एकूण विक्रीच्या दहा टक्क्यांवर. पुढच्या तिमाहीत आकडा सुमारे २ लाख ३४ हजारांवर घसरला. जॉर्जियाचा २०१५ चा अनुभव आता देशभर आला. जनरल मोटर्सने ऑक्टोबरमध्ये या धंद्यापोटी १.६ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. डिसेंबरमध्ये फोर्डने १९.५ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला आणि एफ-१५० लाइटनिंग ही पूर्ण विजेवरची पिकअप बंद केली.

माझा निवाडा असा. श्रीमंताला सूट नको, महाग गाडीला नको, चीनच्या बॅटरीवर आयुष्यभर विसंबणे नको, हे निर्बंध रास्त होते, आणि ते घालणाऱ्यांनी सवलत सुधारली. कायमची सवलतही कुणी मागू नये. २००५ च्या लोकांनी संख्येची मर्यादा घालताना हेच ओळखले होते. पण बॅटरीचा कारखाना उभारायला तीन-चार वर्षे लागतात. २०३२ चा शब्द दिला म्हणून जॉर्जिया, टेनेसी, केंटकी, मिशिगनमध्ये कंपन्यांनी अब्जावधी डॉलर जमिनीत घातले. २०२२च्या कायद्याला हवे होते तेच त्यांनी केले. त्यांना टप्प्याटप्प्याने उतरणारी पायरी द्यायला हवी होती, जशी टेस्लाला आणि जनरल मोटर्सला २००९च्या कायद्याने दिली होती. नव्वद दिवसांत सूट तोडणे हा त्या शब्दाचा भंग होता, आणि त्याची किंमत मस्क यांनी नव्हे, त्या कारखान्यांतल्या कामगारांनी मोजली.

२५० डॉलरची वार्षिक फी मात्र अखेरच्या कायद्यात आली नाही. अमेरिकेच्या रस्तेबांधणीच्या चालू केंद्रीय कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे, आणि प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष सॅम ग्रेव्ह्ज यांना ती फी पुढच्या कायद्यात हवी आहे.